खालच्या आठ टाइल्स

आमच्या मावशीला बांधकामावर सगळे 'मिस्त्रीची बायको' म्हणतात. मिस्त्री म्हणजे काका. काका टाइल्स लावतात आणि मावशी त्यांची मदतनीस, असं हजेरीत अठरा वर्षं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काका पहिली टाइल लावतात, मागे सरून एक डोळा बारीक करतात, "हं, आता अशीच घेत जा" म्हणतात आणि चहाला जातात. मावशी ती पहिली टाइल काढून नीट बसवते आणि पुढचं काम सुरू करते.

पण नवी इमारत बावीस मजली निघाली. ठेकेदार म्हणाला, "माझं म्हणणं काय, कारागिराचं कार्ड असेल तो टाइल लावेल. नसेल तो घमेली वाहील. माझं म्हणणं एवढंच." मावशीचा उजवा गुडघा चौथ्या मजल्यावरच संप करतो.

कार्ड एक संस्था देणार होती. पोट भरायला या शहरात आलेल्या आमच्यासारख्यांचं राहणीमान उंचावायला ती आली होती. तसा फलकच होता. परीक्षा साधी. पत्र्याच्या शेडमध्ये प्रत्येकाला विटांच्या भिंतीचा एक तुकडा, बारा टाइल्स, दोन तास. काकांनी नाव दिलं. मावशीनेही दिलं.

"तू कशाला? लोक हसतील."

"हसू देत. गुडघा माझा आहे."

परीक्षेच्या दिवशी अख्खी वस्ती बघायला जमली. तपासायला आलेले साहेब प्रत्येक वाक्याला शेपूट लावत. "वेळ सुरू झाली, असं आपण धरून चालू."

काका-मावशींच्या भिंती शेजारी शेजारी होत्या, आणि घोळ तिथेच झाला. काकांनी पहिली टाइल लावली, मागे सरले, डोळा बारीक केला, म्हणाले, "हं." झालं. मावशी सवयीने काकांच्या भिंतीपाशी गेली, ती टाइल काढून नीट बसवली, सिमेंटचा माल पसरला, दुसरी घेतली. आठ टाइल्स होईपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

"ताई, तुमची भिंत ती आहे, असं आपण धरून चालू."

"अगं बाई!" म्हणत मावशी पळाली. तिच्या भिंतीवर चार टाइल्स लागल्या आणि शिट्टी वाजली. तेवढ्यात काकांनी आपल्या वरच्या चार स्वतः लावल्या होत्या.

साहेब थापीच्या दांड्याने ठोकत निघाले. मागे माल भरलेला असेल तर टाइल टक वाजते, पोकळी असेल तर डब. काकांची भिंत वाजली टक टक टक टक, टक टक टक टक, डब डब डब डब. मावशीची टक टक टक टक, आणि पुढे नुसत्या विटा.

"बारात आठ चांगल्या. हे पास. ताईंचं काम अपुरं. नापास."

मावशीने थापी पुसली. पुसलेली थापी परत पुसली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे, मग छताच्या पत्र्याकडे.

"साहेब, त्या खालच्या आठ तिच्या आहेत."

"फॉर्मात तसा रकाना नाही." साहेबांनी तरी हिशोब केला. "म्हणजे ताईंच्या बारा. पास. तुमच्या चार. चारही पोकळ."

"म्हणजे मी?"

"नापास, असं आपण धरून चालू."

काकांनी कान खाजवला. "आठ म्हणजे... सहा असतील."

"आठ," मावशी म्हणाली.

"आठच!" शेडमधले सगळे म्हणाले.

"बरं, आठ," काका म्हणाले. "लिहा."

साहेबांनी समासात लिहिलं. मावशी मिस्त्री झाली. काकांना फेरपरीक्षा, पुढच्या महिन्यात.

लोक पांगल्यावर काकांनी आपल्या चार टाइल्स उचकटल्या. प्रत्येकीमागे मालाचे पाच गोळे, मधे हवा.

"कडेपर्यंत पसरायचा असतो," मावशी म्हणाली.

"माहितीय मला."

"मग पसरा की."

काकांनी पसरला. जरा वेळाने, भिंतीकडेच बघत, विचारलं, "जाड किती?"

"बोटभर."

काकांनी मालात बोट खुपसून पाहिलं.

"अहो, तुमचं नाही," मावशी म्हणाली. "माझं."