दोन आवृत्त्या आणि थोरली सून

देवगडला परत आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात मी एक मोठी कादंबरी अकरा जणांकडून एकत्र वाचून घ्यायचं ठरवलं. मासेमारीच्या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आंब्याचं काम संपलेलं असतं, माणसं घरी सापडतात. सात जणांकडे नवी आवृत्ती होती, एका जाड खंडात. उरलेल्या चौघांना वाचनालयाची जुनी आवृत्ती मिळाली, दोन भागांतली. पानांचे आकडे जुळत नव्हते. आठवड्याला कुणी कुठपर्यंत वाचायचं याचा तक्ता मी करून देत असे.

मजकूर किती जागा घेईल याचा अंदाज करायची वर्तमानपत्रात एक पद्धत होती. एका तुकड्यातले शब्द मोजायचे आणि गुणायचं. तीस वर्षं मी तेच केलं होतं. दोन्ही पुस्तकांचं एकेक भरलेलं पान मोजून मी प्रमाण काढलं. जुन्या आवृत्तीत प्रत्येक प्रकरणाआधी एक कोरं पान आणि एक चित्राचं पान आहे, हे मी पाहिलं नाही. प्रकरणं लहान होती, त्यामुळे सहाव्या आठवड्यापर्यंत जुनी आवृत्ती वाचणारे जवळजवळ साठ पानं मागे पडले होते. कुणालाच ते कळलं नव्हतं.

या चौघांत एक होडीवाला होता. तो स्वतःसाठी वाचत नव्हता. त्याच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि मंगळवारी-शुक्रवारी तिला डायलिसिससाठी गाडीने कसालच्या बाजूला न्यावं लागे. पूर्वी ती बंदरावर मासे विकायची. जायला यायला चार तास, यंत्राला लागून चार तास. वैतागून ती जायचं सोडणार होती. त्या चार तासांत नवरा तिला कादंबरी वाचून दाखवू लागला आणि ती जायला लागली. कादंबरीतल्या घरची थोरली सून आजारी होती. बायको नवऱ्याला म्हणायची, "ती आसा तवसर मी येतंय."

चर्चा रविवारी ग्रुपवर व्हायची, बहुतेक आवाजी संदेशांतून, कारण टाइप करायचा सगळ्यांनाच कंटाळा. त्या रविवारी एका निवृत्त शिक्षिकेने सांगितलं की थोरली सून गेली ते प्रकरण वाचून त्यांना जेवण गेलं नाही. होडीवाल्याने नेहमीप्रमाणे फोन बायकोच्या खाटेवर ठेवून संदेश लावला होता. तिच्या पुस्तकात सून अजून अंगणात तांदूळ निवडत होती.

मंगळवारी ती गाडीत बसली नाही. नवरा माझ्याकडे आला. त्याने आधी डॉक्टरांचं सांगितलं: शुक्रवारही चुकला तर पुढच्याची खात्री नाही. मुलीने मुंबईहून फोनवर रडून पाहिलं होतं. कुणकेश्वराला नारळ ठेवून झाला होता. मग तो म्हणाला, "तुमी पेपरवाले. तुमचां तिका पटतलां. सांगा, आमच्या पुस्तकात ती मरणा नाय."

मी आयुष्यात खोटी बातमी छापली नव्हती. हे मी त्याला सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि चप्पल घालायला माझ्याआधी उठला.

तिचे पाय सुजले होते. मला बसायला सांगून तिने विचारलं, "मेली ती खंयच्या पुस्तकात? तुमच्या काय आमच्या?"

"आमच्या," मी म्हणालो. "लेखकाने नव्या आवृत्तीत बदल केला. तुमच्यात ती बरी होते."

"मागसून कित्याक मारल्यान तिका?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. शुक्रवारी ती गेली.

त्यानंतर मी सुनेला उरलेल्या कादंबरीत जिवंत ठेवत होतो. तिच्या मरणाचं प्रकरण वगळलं. पुढच्या प्रकरणांत ती जिथे नव्हती तिथे तिला बसवलं, तिच्या तोंडी दोन वाक्यं घातली, तिच्याकडून बांगड्याचं तिखट कालवण करून घेतलं. ती पानं मी हाताने लिहून देत असे. नवरा ती पुस्तकात घालून वाचायचा. मूळ लेखकाची शैली मला जमत नव्हती. वाक्यं आखूड पडत होती.

चौथ्या खेपेला नवऱ्याने तिकडूनच फोन केला. त्याचा आवाज उतरला होता. पानं माझी आहेत हे तिने ओळखलं होतं. तिचा निरोप त्याने शब्द न बदलता दिला: "त्या पेपरवाल्याक सांग, बरां लिवता, पण बांगड्याच्या तिखल्यात टोमॅटो घालूचो नसता. तिरफळा घाल म्हणा."

पुढे काही म्हणाली का, मी विचारलं.

"पुढचां धाडूक सांगल्यान."

कादंबरी एका मंगळवारी संपली. बंदी उठली होती, ग्रुपवर कुणी बोलत नव्हतं. नवरा होडी दुसऱ्याच्या हाती देऊन घरी थांबला होता. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि शुक्रवारसाठी काही आहे का ते माझ्या टेबलावर पाहू लागला. एका खेपेला पस्तीस-चाळीस पानं लागत. पुढची गोष्ट मीच लिहायला घेतली, बुधवार आणि गुरुवार मिळून नऊ झाली. सुनेला कुठे पाठवावं तेच सुचत नव्हतं. सात पानं फाडली होती, ती वेगळी.

शुक्रवारी सकाळी सातला गाडी माझ्या दाराशी थांबली. ती मागच्या सीटवर उशी घेऊन बसली होती. काचेतून मी कागद दिले. तिने ते बोटांत धरून जाडी पाहिली.

"इतकीच?"

मंगळवारपर्यंत आणखी देतो, मी म्हणालो.

"मगे ह्येंका सावकाश वाचूक सांगतंय," ती म्हणाली आणि काच वर करायला लावली.