मनकर्णेचा गळा

मनकर्णेने गायचं आणि मी गणितं सोडवायची, हे दिनकर गुरुजींनी आमची आडनावं वाचून ठरवलं. मी केशर, दत्तराव देशमुखांची मुलगी. म्हणजे डोकं असणारच. मनकर्णा बौद्धवाड्यातल्या सटवाजींची. म्हणजे गळा असणारच. प्रत्यक्षात मनकर्णा गायला लागली की पहिलीतली पोरं घाबरून रडायची, आणि सातवीत आले तरी अपूर्णांक उलटा कधी करायचा ते मला कळत नव्हतं.

हे १९७९ सालचं. गाव चारठाण्याजवळचं, शाळा सातवीपर्यंत. गुरुजी वाईट नव्हते. वाईट असते तर त्यांना शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. आदल्या वर्षी नामांतरावरून जाळपोळ झाली होती, तेव्हापासून गावात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. सलोखा वाढावा म्हणून गुरुजींनी मनकर्णेला स्वागतगीतासाठी सगळ्यांच्या पुढे उभं केलं. वर्गात मात्र ती शेवटच्या रांगेतच बसायची. सलोखा तिथवर पोचला नव्हता.

"गुरुजी, मला गाता येत न्हाई," ती म्हणाली.

"अगं, तुझा आजा हलगी वाजवायचा. रक्तात असतं ते."

"आज्यानं छप्पन सालीच सोडली हलगी."

"हलगी सोडली, रक्त कुठं सोडलं?" गुरुजी अगदी प्रेमाने म्हणाले.

मनकर्णेला हवी होती स्कॉलरशिपची परीक्षा. स्कॉलरशिप मिळाली तर जिंतूरला आठवी, नाही तर आईबरोबर कापूस वेचायला, असं तिच्या घरी ठरलेलं होतं. पण गुरुजी पाचच मुलांचे फॉर्म भरायचे, म्हणजे शाळेचा निकाल चांगला दिसतो. पाचांत मी होते. मनकर्णेने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू गळा जप. गणितात कशाला डोकं शिणवतेस?"

मग आम्ही दोघींनी आपसात सोय लावली. माझा गळा बरा होता, पण देशमुखांची पोरगी एकटी गाते म्हटल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी शाळाच बंद केली असती. मागे उभं राहून झील धरायला कुणाची हरकत नव्हती. मी मनकर्णेच्या बरोबर मागे उभी राहून गायचे आणि ती पुढे ओठ हलवायची. बदल्यात ती माझी गणितं सोडवून द्यायची. गुरुजी पेटीत डोकं घालून ऐकायचे आणि म्हणायचे, "बघा, रक्तात असतं." माझी वही तपासतानाही तेच म्हणायचे.

जानेवारीत तपासणीला साहेब आले. फॉर्मांचा गठ्ठा त्याच दिवशी त्यांच्यासोबत जिंतूरला जाणार होता. समोर साहेब, त्यांच्या शेजारी दादा. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात मनकर्णेने तोंड मिटलं. हाताची घडी घालून उभी राहिली. मला तिची फक्त पाठ दिसत होती, त्यामुळे मी गातच राहिले, आणि ते बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. मग साहेबांनी हात वर केला.

"सायेब, ही केशर गायलीय," मनकर्णा म्हणाली. "मला गाता येत न्हाई. मला गणित येतंय. हिची समदी गणितं म्याच सोडवलीत. इचारा हिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादाही. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

गुरुजी सावरले. "ऐकलंत साहेब? डोकं तर आहेच, वर गळाही असा! देशमुखांच्या घरात कशाची कमी नाही." मग मनकर्णेकडे वळून हळूच म्हणाले, "खोटं बोलू नये बाळा."

पाच फॉर्म गेले. मला गणितात शंभरपैकी अकरा मार्क पडले. परीक्षेच्या दिवशी मला बरं नसणार, असं गुरुजींनी स्वतःच ठरवलं. मी तरीही जिंतूरला आठवीत गेले, कारण दादांना फी भरता येत होती. दिवाळीनंतर एसटीतून जाताना मनकर्णा शेतात दिसायची, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. सुरुवातीला ती हात करायची. मी खिडकी बदलली.

पुढच्या वर्षी तिचा मामा नागनाथ तिला गंगाखेडला घेऊन गेला. तिथेच ती शिकली आणि तिथेच मास्तरीण झाली. मीही दहावीनंतर लग्न होऊन गंगाखेडलाच पडले. बाजारात ती दिसली की मला मेथीची जुडी फार बारकाईने तपासावी लागायची.

चौऱ्याण्णव साली, विद्यापीठाचं नाव बदललं त्या वर्षी, माझी मुलगी चौथीत तिच्याच वर्गात गेली. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी मला शाळेत जावंच लागलं.

"पोरगी गणितात लय हुशार हाय," मी म्हणाले.

"कोन म्हनलं?" मनकर्णेने विचारलं.

सासरे म्हणायचे. सासरे तिची वही कधी बघत नसत. मनकर्णेने खणातून फॉर्म काढले. चांगला जाड गठ्ठा होता.

"मनकर्णा," मी म्हणाले, "त्या दिवशी म्या हो म्हनायला पायजे होतं. मला लय लाज वाटते."

तिने माझ्या मुलीचं नाव लिहिलं, पेनाला टोपण लावलं.

"व्हय, म्हनायला पायजे होतं," ती म्हणाली. फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "पन फॉर्मासाठी बोलायली असशील, तर नको बोलू. फॉर्म मी समद्यांनाच देते."