गुलाबावरची फवारणी

थोरलीला सगळी गल्ली ‘माश्यांची आई’ म्हणायची. ती लटकं रागवायची, पण मनातून सुखावायची, हे आम्हाला काय कळत नव्हतं? मित्रकीटकांच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी, आणि काम म्हणजे माश्या पाळणं. कूळ गांधीलमाशीचं, पण ना डंख ना गुणगुण, पूर्णविरामाएवढा जीव. ही माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, की अळीचा कारभार जन्माआधीच आटोपला! थोरली पुठ्ठ्याच्या कार्डांवर पतंगाची अंडी चिकटवायची, त्यांवर माश्या सोडायची, आणि आत माश्या वाढून अंडी काळी पडली की कार्डं शेतकऱ्यांच्या हातात ठेवायची. वर फुकटचं प्रवचन: “आता औषधाचा थेंब नको. वाऱ्यावरनंसुद्धा नको!”

तिच्या अंगणाला लागूनच धाकट्या जावेचा टोमॅटोचा तुकडा. मध्ये नुसती तारेची जाळी. धाकटी बिचारी जाऊबाईंच्या शब्दाबाहेर नाही. तिनं फवारणीचा पंप माळ्यावर टाकला आणि पानापानाखाली कार्डाच्या पट्ट्या टाचल्या.

आता थोरलीचं दुसरं वेड सांगतो. गुलाब! फुलांच्या प्रदर्शनात तिला यंदा पहिला नंबर हवा होता, आणि नेमका तेव्हाच कळ्यांवर मावा पडला. हिरवी, चिकट कीड, बघवेना. दुपारी गल्ली डुलक्या घेत असताना बाई तोंडाला पदर बांधून अंगणात उतरल्या आणि फुस्स फुस्स करून मोकळ्या झाल्या. वारा कुठं वाहतोय, हे जिनं जगाला शिकवलं, तिनंच बघितलं नाही. की बघितलं? ते तिचं तिला ठाऊक.

पुढं टोमॅटोला भोकं पडली. धाकटी एक पट्टी घेऊन धावत आली.

“जाऊबाई, बघा ना, माश्या निघाल्याच नाहीत का?”

थोरलीनं भिंग लावलं. काळ्या अंड्यांना बारीक बारीक छिद्रं होती. माश्या निघाल्या होत्या, चांगल्या जिवंत निघाल्या होत्या. बाहेर आल्यावर कशानं मेल्या, हे तिला भिंगाशिवाय दिसलं.

“माझंच काही चुकलं असेल,” धाकटी म्हणाली. “भांडी घासून तशीच गेले होते पट्ट्या लावायला. हाताला साबण होता. त्यानं होतं का हो असं?”

“असेल,” थोरली म्हणाली.

एवढंच. एक शब्द. त्या दिवसापासून धाकटी नुसत्या पाण्यानं हात चोळू लागली, नवऱ्याला झाडांजवळ बिडी ओढू देईना, आणि नळावर भेटेल तिला सांगू लागली, “जाऊबाईंनी एवढ्या जिवापाड वाढवलेल्या माश्या मी मारल्या गं!” थोरली नळाकडे जाईनाशी झाली. पाणी आणायला दादल्याला धाडायची.

प्रदर्शनात गुलाबाला पहिला नंबर मिळाला. कप हातात घेऊन थोरली उभी, आणि शेजारी धाकटी जमलेल्या बायकांना अभिमानानं सांगतेय, “आमच्या जाऊबाई फवारणीला हात लावत नाहीत हं! हाताला यश लागतं बाई. माझ्या नाही. मी आपला पंप उतरवते उद्या.”

थोरलीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण सिमेंटची फरशी कसली दुभंगतेय!

घरी आल्यावर तिनं जाळीपाशी उभं राहून सगळं सांगून टाकलं. मावा, दुपार, औषध, आणि ते ‘असेल’. धाकटी आपले तळहात पुढं करून म्हणाली, “हातांची सालं निघाली जाऊबाई, धुऊन धुऊन.” आणि आत निघून गेली.

ती रडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर थोरलीचा जीव हलका झाला असता. पण धाकटीनं कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. आम्ही कान टवकारून बसलो होतो, हाती काही लागेना! गल्लीत दोष अजून धाकटीच्याच माथी होता, आणि थोरलीची मान ताठ. ती ताठ मान तिला पेलवेना.

शेवटी एके सकाळी ती दारोदार निघाली. पहिलंच दार शिंपिणीचं. उंबऱ्यातच उभी राहून, पदराचं टोक पिळत तिनं सांगितलं, “माश्या धाकटीनं नाही मारल्या. मी मारल्या. गुलाबावर औषध मारलं, ते उडून तिच्या टोमॅटोवर गेलं. आणि आळ तिच्यावर राहू दिला.”

शिंपिणीनं इकडं तिकडं बघितलं, तिला दंडाला धरून आत ओढलं आणि हळूच विचारलं, “ते असू दे गं. औषध कुठलं मारलंस, तेवढं सांग ना. आमच्या शेवंतीवर पण मावा पडलाय!”

थोरलीचे कान लाल झाले. दंड सोडवून घेत ती म्हणाली, “नाव विसरले,” आणि हेही खोटंच होतं. मग खाली मान घालून ती पुढच्या दाराकडे चालू लागली.