बसायला फासा लागत नाही

आमच्या घरात पहिली ग्रॅज्युएट मी. कुणी विचारायच्या आत हे सांगून टाकायची मला सवय आहे, आणि ती सोडायचं काही कारण मला दिसत नाही. वडील दहावी नापास, आई चौथी. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत कुठलाही कागद आला की तो न वाचता माझ्या हातात यायचा. गॅसचं असो, दवाखान्याचं असो, काय करायचं ते मी सांगायचे आणि आई म्हणायची, "तू म्हणशीत तसां."

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हाही तसंच झालं. बिल्डर भाडं देणार, तीन-चार वर्षं बाहेर काढायची, मग परत यायचं. मी डोंबिवलीला फ्लॅट बघून आले. दोन खोल्या, लिफ्ट, खाली दवाखाना. वडील गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आई माझ्याबरोबर येणार की नाही, हा प्रश्न मला पडलाच नाही. दुसरीकडे जाणार कुठे?

त्याच दिवसांत मी दादरला खेळायला जायला लागले. ऑफिसात नवीन आलेली एक मुलगी मागे लागली होती.

"ताई, रविवारी चल ना. गेम आहे."

"कॅरम?"

"नाही गं. टेबलाभोवती बसायचं आणि बोलायचं."

"बोलायला दादरला कशाला जायचं?"

पण गेले. घरी रविवारची दुपार मला सहन होत नव्हती. आई गॅलरीत स्टुलावर बसायची, पेपर नाही, निवडायला तांदूळ नाहीत, नुसती.

एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर ही पोरं जमायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांच्यातला एक दाढीवाला खेळ चालवायचा. त्याला गेम मास्टर म्हणतात. त्याने मला सांगितलं, तू एक बाण मारणारी बाई आहेस, डोंगरातली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अंधार पडतोय. समोर नदी, पूल अर्धा तुटलाय. तू काय करतेस?"

मी म्हटलं, "बी.कॉम. इन्शुरन्समध्ये आहे, क्लेम्स डिपार्टमेंटला."

मग सगळे हसले. ऑफिसातली ती मुलगी माझ्या दंडावर डोकं टेकून हसत होती.

"ताई, पुलाचं विचारतोय तो."

मी हसले नाही. आमच्याकडे ‘काय करतेस’ विचारलं की हेच सांगायचं असतं. आणि ते सांगता यावं म्हणून मी मोरीच्या कट्ट्यावर बसून अभ्यास केलेला आहे.

खेळ समजायला सोपा आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सोंगट्या पुढे सरकवायच्या आणि घर गाठायचं, असं त्यात काही नसतं. एकजण गोष्ट सांगतो, पण अर्धीच. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, एवढंच. बाकीचे प्रत्येकी एकेक माणूस होतात. ते माणूस काय करतं, काय बोलतं, ते ज्याचं त्यानेच सांगायचं. सांगितलेलं जमेल की नाही याची खात्री नसली, म्हणजे उडी मारायची आहे, पहारेकऱ्याला फसवायचं आहे, तर वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं. लहान आला तर नाही, आणि मग गोष्ट तिथून पुढे. जिंकणं-हरणं असं काही नाही. पहिल्या दिवशी मी पुलावरून उडी मारते म्हटलं आणि फाशावर दोन आले. फासा डिग्री बघत नाही.

अडचण माझी वेगळीच झाली. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून मी सगळ्यांनाच सांगायला लागले. तू मागे थांब, तू दार उघड, तू त्या म्हातारीशी बोल. मला दिसत होतं ना काय करायला हवं. दाढीवाल्याने दोनदा ऐकून घेतलं.

"ताई, त्याचं तो ठरवेल."

"अरे पण तो मरेल."

"मग मरेल. त्याचं माणूस आहे. हा एवढा एकच नियम आहे बघ. बाकी सगळं चालतं."

हे मला काही पटलं नाही. पण मी जात राहिले. तिथे निदान कुणी ‘तू म्हणशील तसं’ म्हणत नव्हतं.

इकडे चाळ रिकामी होत होती. आमच्या मजल्यावर चारच बिऱ्हाडं उरली. सामानाची खोकी बांधून झाली, टीव्हीसुद्धा खोक्यात गेला. अशा एका रविवारी मी दादरला गेले नाही. आई आणि मी समोरासमोर खोक्यांवर बसलो होतो. माझ्या पर्समध्ये फासा होता. मी म्हटलं, "चल, तुला आमचा खेळ शिकवते."

तिने फासा उलटसुलट करून पाहिला. कसं खेळायचं ते मी सांगितलं.

"म्हंजे दशावतारासारखां," ती म्हणाली. "तेंकाय कोण लिवन देणा नाय. गोष्ट म्हायती, बोलणां आपापलां."

"तसंच. आता तू कोण, ते सांग."

"तूच सांग."

"मला नाही सांगता येत. नियम आहे."

तिने फासा खोक्यावर ठेवला. मग म्हणाली, "एक बाई. खाडीच्या कडेक रवता."

"घरी कोण कोण?"

"कोण नाय."

"नवरा?"

"नाय."

मी पुढे विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पण मी पूर्ण फॉर्म भरून घेणाऱ्यातली आहे. "मुलं?"

आई माझ्याकडे बघत नव्हती, फाशाकडे बघत होती. "नाय म्हटलां तर चलात?"

"चालतं," मी म्हटलं.

गॅलरीतून कुणाचं तरी कपाट जिन्याकडे ओढत नेत होते, त्याचा आवाज लांबवर जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी गोष्ट सुरू केली. फार चांगली सांगता येत नाही मला. म्हटलं, संध्याकाळ आहे, तू खाडीवर आलीस, पलीकडे जायची होडी सुटायच्या बेतात आहे. मागे गावाचा रस्ता आहे. उजवीकडे जंगल. तू काय करतेस?

"बसतंय."

"बसून काय करतेस?"

"बसतंय. कोण हाक मारता काय बघतंय. नाय मारली तर बरां."

माझ्या डोक्यात होडी होती. होडीत तिला एक माणूस भेटणार होता, त्याच्याकडे नकाशा असणार होता.

"बसाक फासो टाकूचो लागता?" आईने विचारलं.

"नाही. बसायला फासा लागत नाही."

"मग बरो हा खेळ," ती म्हणाली. आणि हसली. वडील गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि हे हसू मला आवडलं नाही.

होडी जाईल, मी म्हटलं. ती म्हणाली, जाऊ दे. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, आता मी धावतंय होडीमागे. फासा टाकला. चार.

"गेली?"

"गेली."

"मग परत बसतंय." आणि चहा ठेवायला उठली.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिने सांगितलं. मी खोक्यांवर मार्करने ‘किचन’, ‘देव’ असं लिहीत होते.

"माझी पेटी येगळी ठेव. मी गावाक जातंय."

मला वाटलं चार दिवसांसाठी. मग कळलं की कायमची. मी खाली मार्कर ठेवला आणि तिला एकेक सांगायला लागले. गावचं घर बंद पडून किती वर्षं झाली, पाठचं छप्पर बसलंय, डॉक्टर तालुक्याला, शेजारी म्हणून एकच घर आणि तिथेही म्हातारीच. मला सगळं माहीत होतं आणि सगळं खरं होतं.

"तिथे आहे कोण तुझं?"

"कोण नाय," आई म्हणाली. खेळात म्हणाली होती त्याच आवाजात.

"मग?"

"मग काय? माझां मी ठरवलंय. तुझो नियम आसा ना?"

मी म्हटलं, तो खेळ होता. ती म्हणाली, माका ठाऊक आसा. एवढंच. रडली नाही, भांडली नाही. सकाळी टेम्पोत माझं सामान चढलं आणि तिची पेटी फुटपाथवर राहिली, तिच्यावर ती बसली होती. तिला न्यायला तालुक्याला राहणारा एक लांबचा भाचा संध्याकाळच्या गाडीपर्यंत येणार होता. मी थांबते म्हटलं तर म्हणाली, टेम्पोवालो खोळंबता, तू जा.

मला वाटलं होतं महिन्याभरात परत येईल. आली नाही. तिथे ती सुखात आहे असंही नाही. छप्पर पाठीमागून गळतं, तिने खाट पुढच्या पडवीत आणली आहे. खोकला धरून आहे, असं भाचा सांगतो. डोंबिवलीहून दादरचा खेळ मला जमत नाही. पोरांनी माझी बाण मारणारी बाई गोष्टीत एका गावात आजारी म्हणून ठेवली आहे, आलीस की उठवू म्हणतात.

रविवारी दुपारी मी आईला फोन करते.

"काय करतेस?"

"काय करतलंय. बसलंय."

"जेवलीस?"

"जेवतलंय."

"न्यायला येऊ का तुला?"

"मी हाक मारलंय?"

दाढीवाल्याने मला एकदा सांगितलं होतं, एखादा नुसताच बसून राहिला तर खेळ चालवणाऱ्याने काहीतरी घडवायचं. वादळ आणायचं, दारावर थाप मारायची, त्याला उठवायचं. मला रजा टाकून जाता येईल. पडवीत जाऊन उभी राहिले तर ती चहा ठेवायला उठेलही. पण कुणी हाक मारली नाही तर बरं, हे तिने मला खोक्यावर बसून सांगितलेलं आहे, आणि मी ते पूर्ण ऐकलेलं आहे.

मी फोन कानाला धरून राहते. तिकडे तिचा खोकला सुरू होतो, थांबतो. मग ती म्हणते, ठेव गो, बिल येता. आता फोनला तसं बिल येत नाही, हे मी तिला पूर्वी समजावून सांगितलं असतं. मी फोन ठेवते.