पडवळाचा दगड

कोन गावचं शेत रस्त्याच्या कामात गेलं, तेव्हा कृष्णाबाईने तिथून एकच गोष्ट आणली, राखेत घोळवलेलं मूठभर पडवळाचं बी. कामोठ्याच्या घराच्या गॅलरीत दर उन्हाळ्यात ती वेल चढवायची आणि एक पडवळ बियाण्यासाठी राखायची. गेल्या पावसात बियांना बुरशी लागली. यंदा एकच वेल उगवला, त्यावर एकच पडवळ धरलं, तेही वाकडं.

तिचा नवरा काशिराम तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याने जुन्या रीतीने पडवळ सरळ व्हावं म्हणून टोकाला सुतळीने दगड बांधला. कोवळ्या देठाला तो झेपला नाही. दुपारी पडवळ खाली पडलं.

“अवो, बियाला वाकडा चालतं,” कृष्णाबाई म्हणाली. “त्याचा काय लगीन लावायचा व्हता?”

“मना वाटला, जरा लांब व्हईल.”

तिने पडवळ चिरून बिया नखाने दाबून पाहिल्या. सगळ्या मऊ, कच्च्या. मग तिने चणाडाळ भिजत घातली.

“गोड हाय,” संध्याकाळी जेवताना काशिराम हळूच म्हणाला. तिने उरलेली भाजी त्याच्याच ताटात वाढली.

सकाळी तिने सवयीने वेलाला पाणी घातलं. दगड कुंडीपाशीच पडला होता. तो उचलायला वाकायचं दोघांच्याही जिवावर आलं.