निगेटिव्हचा शीरखुर्मा

माझ्या धाकट्या भावाचे डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा अम्मीने धसकाच घेतला. शारजातल्या आमच्या घराजवळच्या क्लिनिकने हेपटायटिस सीसाठी रक्त तपासलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. अम्मीने त्याच दिवशी शीरखुर्मा केला आणि बिल्डिंगमधल्या सगळ्या रत्नागिरीकरांकडे वाटला.

भावाला जन्मापासूनचा आजार होता. जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी त्याचं शरीर बनवतच नव्हतं. दर महिन्याला, दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीची बाटली त्याला लावायचे. हा आजार आईकडून मुलग्यांना जातो. मुलींना काही होत नाही, त्या फक्त तो पुढे नेतात. मीही नेला. माझ्या मुलाला तेच आहे. मामा-भाचे एकाच दिवशी बाटली लावून घ्यायचे आणि शेजारशेजारी बसून मोबाइलवर क्रिकेट खेळायचे.

निगेटिव्ह म्हटल्यावर सगळे निर्धास्त. थकवा आला तो कामाने, पाय सुजले ते दुबईच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये बसून. पोट फुगलं तेव्हा मात्र मी त्याला हट्टाने अल ऐनच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी जुन्या रिपोर्टवरच्या टेस्टच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ही टेस्ट व्हायरस शोधत नाही, त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते. याच्या बॉडीत त्या बनतच नाहीत, आणि बाटलीतून मिळतात त्यांत या व्हायरसविरुद्धच्या नसतात. व्हायरस असला तरी रिपोर्ट निगेटिव्हच येणार."

व्हायरस कितीतरी वर्षं आरामात लिव्हर खात बसला होता. त्यावर साध्या गोळ्या होत्या, पण आता लिव्हरच उरलं नव्हतं. त्या क्लिनिकची काच फोडावीशी वाटली मला. अजूनही वाटते.

भाऊ गेला. अम्मीने त्यानंतर ईदलाही शीरखुर्मा केला नाही.

गेल्या आठवड्यात मुलाचे डोळे मला पिवळसर दिसले. नवरा म्हणाला, तुला भास होतोय. इन्शुरन्सवाल्यांनी आधी त्याच क्लिनिकला पाठवलं. मी आजार सांगितला, कोणती टेस्ट हवी तेही सांगितलं. त्यांनी नेहमीचीच केली.

मुलाने रिपोर्ट माझ्या हातातून घेऊन वाचला. "मम्मा, इट्स निगेटिव्ह. दॅट्स गुड, राइट?"

काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "निगेटिव्ह है मॅडम, खलास. घर जाइये."

मी मुलाला जवळ ओढलं आणि त्या माणसासमोरच्या खुर्चीत पुन्हा जाऊन बसले.