शिवलेलं पोतं

नांदेडला लातूर फाट्याच्या पुढे माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. लोकांच्या गाड्या सरळ चालवून देणं हा माझा धंदा, आणि माझी स्वतःची गाडी आठ महिने उजवीकडे ओढत होती. गिऱ्हाइकं चहा पिता पिता हसायची. मला हसू यायचं नाही, कारण त्या गाडीवर मी जे काही केलं होतं ते आप्पांसाठी केलं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या आडत बाजारात जन्मभर मापाडी होते. पोतं काट्यावर चढायच्या आधीच हातानं जरा उचलून ते वजन सांगायचे आणि काटा त्यांना सहसा खोटं पाडायचा नाही. आई गेल्यावर मी त्यांना नांदेडला आणलं, पण जीव लातुरातच राहिला. म्हणून दर पंधरवड्याला सकाळी तिकडं न्यायचं, जुन्या सोबत्यांत बसवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. पोती वाहून कंबर गेलेली. वाटेत लोहा गावचा गतिरोधक आला की ते दार घट्ट धरायचे. मला ते धरणं बघवत नव्हतं.

म्हणून मी चारही चाकांना अॅडजस्टेबल शॉकअप बसवले. त्यांची वरची कळ फिरवली की गाडी मऊ किंवा कडक होते, आणि खालची रिंग फिरवली की तेवढा कोपरा वर-खाली होतो. फक्त कोपरे जुळवताना गाडीत रोज बसणाऱ्यांचं वजन आत असावं लागतं. माझ्या जागी माझ्याच अंगकाठीचा मेकॅनिक बसला. आप्पांना मात्र तासन्‌तास ताटकळत बसवणं जमणार नव्हतं. तेव्हा तेच म्हणाले, माझ्या जागी पोतं ठेव. सोयाबीनच्या पोत्यात कमी-जास्त करून त्यांनी ते बरोबर आपल्याइतकं केलं, चौऱ्याहत्तर किलो, आणि दाभण-सुतळीनं स्वतः तोंड शिवलं.

आप्पांची एक रीत होती. त्यांनी शिवलेलं पोतं पुन्हा काट्यावर घालायचं नाही. शिवलं की वजन पक्कं, त्यावर शंका घेणं म्हणजे मापाड्याच्या इमानावर शंका घेणं. मी त्या रीतीत वाढलो.

पहिल्या दोन खेपा गाडी झकास गेली. दिवाळीनंतर ओढू लागली. गंमत अशी, की दुकानात पोतं सीटवर ठेवून मोजलं की चारही कोपरे जुळायचे, आणि आप्पांना घेऊन रस्त्याला लागलो की स्टिअरिंग उजवीकडे जायचं. ब्रेक मारला की जास्तच. आपल्याकडे रस्त्याला उतार डावीकडे असतो, गाडी गेलीच तर तिकडं जावी. ही उताराच्या उलट जात होती. मी हवा तपासली. टायर डावे-उजवे बदलून पाहिले. बुश नवे घातले. रिंगा सरकतात की काय म्हणून त्यांच्यावर रंगाची रेघ मारली, ती जागची हलली नाही. माझा स्वभाव मुळात तापट. पार्टवाल्याला फोनवर नको ते बोललो, मेकॅनिकशी आठवडाभर धड बोललो नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आप्पा दुकानासमोर उन्हात खुर्ची टाकून, स्वेटर घालून हे सगळं बघत बसायचे. एकदा म्हणाले, काखेत कळसा अन् गावाला वळसा. मला वाटलं त्यांना एखादा ढिला नट दिसला असेल. मी पुन्हा तासभर गाडीखाली जाऊन पडलो.

शेवटी एक दिवस पोतं उतरवलं आणि आप्पांनाच सीटवर बसवलं. पट्टी लावली. पुढचा डावा कोपरा पाच मिलिमीटर वर. मी वैतागून म्हणालो की दाराला धरून अंग उचलू नका, नीट टेकून बसा. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवलेले मला दाखवले.

"पट्टी बरोबर हाय," ते म्हणाले. "मीच कमी भरून राहिलो."

तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. रोज बघत होतो, पण पाहिलं तेव्हा. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. स्वेटरच्या आत माणूस शोधावा लागत होता. आम्ही रोज शेजारी शेजारी बसून जेवायचो, आणि ताटात अर्धी भाकरी उरली की मी ती वयाच्या नावावर टाकायचो. मला माझी शरम वाटली, अजून वाटते.

कधीपासून, मी विचारलं. दिवाळीपासून, म्हणाले. मग बोलला का नाही?

"तुला वाटायचं दोष गाडीत हाय," आप्पा म्हणाले. "मलाबी लई वाटायचं, तिथंच सापडावा."

मग त्यांनी पोतं जवळ ओढायला सांगितलं. आपली शिवण त्यांनी आपल्याच हातानं उसवली आणि डब्यानं सोयाबीन काढून फरशीवर ओतायला लागले. मी नको म्हणालो, मेकॅनिक नको म्हणाला. ते थांबले नाहीत. मधेच पोतं हलवून बघायचे, पुन्हा एक डबा काढायचे. एका डब्यापाशी थांबले आणि म्हणाले, घाल काट्यावर. बावन्न भरलं. फरशीवरचा ढीग त्यांनी सवयीनं हातानं सारखा केला. माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत बावीस किलो गेला होता आणि मी रिंगा फिरवत बसलो होतो. मी तिथंच गिऱ्हाइकांसमोर रडलो.

त्याच दिवशी दवाखाना गाठला. पोटाचं दुखणं होतं, पसरलेलं. डॉक्टरांनी उशीर झाला असं थेट म्हटलं नाही, फक्त त्रास कधी सुरू झाला ते दोनदा विचारलं.

आप्पांनी एकच मागितलं, लातूरला एक खेप. बावन्न किलोचं पोतं ठेवून मी गाडी पुन्हा जुळवली. ती सुतासारखी सरळ गेली. लोह्याच्या गतिरोधकावर त्यांनी दार धरलं नाही. अहमदपूरच्या पुढे डोळे न उघडता म्हणाले, "आता बरोबर चालून राहिली." उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्या कामाला बरोबर म्हटलं ते तेवढंच. पुढचा पंधरवडा त्यांना मिळाला नाही.

शेजारची सीट रिकामी, त्यामुळे गाडी आता पुन्हा ओढते. रिंग फिरवायला दहा मिनिटं लागतील, फिरवलेली नाही.

पोतं दुकानाच्या कोपऱ्यात उघडंच आहे. उंदीर लागतात म्हणून मेकॅनिक दाभण घेऊन आला होता. मी त्याच्यावर ओरडलो, मग त्याची माफी मागितली. शिवलं की वजन पक्कं धरायचं असतं, आणि बावन्न किलो मला अजून कबूल नाही.